एकाच ढिगाचा एफई (लोहाची टक्केवारी) दरवेळी वेगळा येतोय? मशीन बदलायच्या आधी हे तपासा

मी मूळचा दोडामार्गचा, पण नोकरी सगळी गोव्यात झाली, डिचोली आणि सांगे तालुक्यात, लोहखनिजाच्या लॅबमध्ये आणि त्याहून जास्त सॅम्पल शेडमध्ये. या सगळ्या वर्षांत एकच तक्रार मी इतक्या वेळा सोडवलीय की आता फोनवर पहिलं वाक्य ऐकलं तरी पुढचं कळतं. "लॅबने ५७ दिला, प्लांटला माल घातला तर ५४ पण नाही, लॅबवाल्याला काय येत नाही." नव्वद टक्के वेळा लॅबवाल्याची चूक नसते, हे मी आधीच सांगून ठेवतो, आणि का नसते ते खाली हिशोबाने दाखवतो.

आधी लक्षणं बघा, तुमचं कशात बसतंय ते.

एकाच ढिगाची तीन सॅम्पल दिली, एफई आला ५४.२, ५६.८, ५५.१, म्हणजे कधी वर कधी खाली. किंवा तुमचा आकडा खरेदीदाराच्या लॅबपेक्षा दरवेळी एक-दीड टक्का जास्तच येतो, कधीच कमी नाही. किंवा रिपोर्टमधलं सगळं मिळून बेरीज ९६ येते नाहीतर १०३ येते. किंवा रिपोर्ट अगदी बरोबर वाटतो पण धुऊन काढलेल्या मालाचा ग्रेड हवा तेवढा चढतच नाही आणि टेलिंगमध्ये, म्हणजे धुऊन टाकलेल्या गाळात, लोह वाहून जातं. आणि जून लागला की हे सगळं दुप्पट होतं.

यातली पहिली दोन लक्षणं वेगळी ओळखायला शिका, निम्मं काम तिथेच होतं. आकडा वर-खाली उडतोय म्हणजे बहुतेक सॅम्पल घेण्यात किंवा वाटणी करण्यात घोळ आहे. आकडा कायम एकाच बाजूला झुकतोय म्हणजे वाळवणं, दळणं, स्टँडर्ड (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो ते तुलनेचं सॅम्पल) किंवा रिपोर्ट लिहायची पद्धत यात काहीतरी ठरलेली चूक आहे, ती रोज त्याच जागी होतेय. उडणाऱ्या आकड्यावर दहा वेळा टायट्रेशन (लोह मोजायची रासायनिक चाचणी) करून काही मिळत नाही आणि झुकलेल्या आकड्यावर दहा सॅम्पल घेऊन काही मिळत नाही.

आता तपासणी. फुकटातलं आधी.

रिपोर्ट कुठल्या आधारावर लिहिलाय ते विचारा

एक पैसा लागत नाही, फक्त फोन करायचा. आकडा कोरड्या मालावर आहे की आला तसा ओल्या मालावर? कोरड्यावर ५८ असेल आणि मालात १० टक्के पाणी असेल तर ओल्यावर तो ५२.२ होतो, दोन्ही आकडे खरे आणि दोन माणसं भांडतायत. दुसरं, लिहिलंय ते लोह आहे की लोहाचा ऑक्साइड? ऑक्साइड ८० म्हणजे लोह ५६ च्या आसपास. हसू नका, मी एका सौद्यात हे दोन दिवस शोधत होतो.

तिसरं, एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या मशीनवर) मणी करून, म्हणजे सॅम्पल वितळवून काचेची चकती करून, केलं असेल तर सॅम्पल बऱ्याचदा आधी १००० डिग्रीला भाजलेलं असतं, मग आकडा भाजलेल्या मालाचा असतो आणि तो परत कोरड्या मालावर आणायचा राहून जातो. एलओआय (भाजताना किती टक्के वजन घटतं ते) ७.९ असेल आणि भाजलेल्यावर एफई ६०.८ दिसत असेल तर खरा एफई ६०.८ गुणिले ०.९२१, म्हणजे ५६. जवळजवळ पाच टक्क्यांचा फरक, आणि सगळ्या मशीन अगदी ठणठणीत.

बेरीज करा

कॅल्क्युलेटर घ्या. एफईला १.४३ ने गुणा, त्यात सिलिका, अ‍ॅल्युमिना, एलओआय आणि मँगनीज वगैरे जे असेल ते मिळवा. ९९ ते १०१ मध्ये यायला पाहिजे. एफई ५६ असेल तर ऑक्साइड ८०.१, सिलिका ५.४, अ‍ॅल्युमिना ६.१, एलओआय ७.९, झाले ९९.५, ठीक आहे. ९५-९६ आली तर बहुतेक एलओआय कमी धरलाय, ९१-९२ आली तर तो धरलाच नाही. आपला माल जांभ्याखालचा आहे, त्यात गोएथाइट, म्हणजे आत पाणी बांधलेलं लोहखनिज, भरपूर, शुद्ध गोएथाइटमध्ये १०.१ टक्के पाणी बांधलेलं असतं, चिकणमातीतल्या केओलिनाइटमध्ये १४ टक्के आणि गिबसाइटमध्ये तर ३४.६ टक्के. त्यामुळे गोव्याच्या मालाचा एलओआय कुणी दोन दाखवला तर मी तो रिपोर्ट बाजूला ठेवतो आणि आधी भट्टीचं तापमान विचारतो. मॅग्नेटाइट असेल तर उलटं, भाजताना ते ऑक्सिजन घेतं आणि वजन वाढतं, तेव्हा लोहचुंबक फिरवून बघा.

जाता जाता अजून एक फुकटची गोष्ट. फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासा. लालसर रेघ म्हणजे हेमॅटाइट, पिवळट-तपकिरी म्हणजे गोएथाइट, काळी म्हणजे मॅग्नेटाइट. शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोह ६९.९, शुद्ध गोएथाइटमध्ये ६२.९, म्हणजे रेघ पिवळी येतेय आणि तुम्ही ६४ ची अपेक्षा धरून बसलाय तर ते कुठल्याच प्लांटमध्ये मिळणार नाही.

वाळवणं

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण एकाच बाजूला झुकलेल्या आकड्याचं सगळ्यात जास्त सापडलेलं कारण हे आहे. नियम साधा, १०५ डिग्री, पातळ थर, वजन बदलायचं थांबेपर्यंत. पण पावसाळ्यात सॅम्पल येतं ते चिखलासारखं, ओव्हन एकच, बार्ज लागलेलं असतं, वरून फोन चालू, मग कुणीतरी घमेलं हॉटप्लेटवर नाहीतर सरळ गॅसवर ठेवतं. दहा मिनिटांत वाळतं. आणि त्या घमेल्यात नीट बघितलंत तर कडेचा माल पिवळट-तपकिरी असतो आणि तळाचा विटेसारखा लाल झालेला असतो. तो लाल रंग म्हणजे गोएथाइटचं आतलं बांधलेलं पाणी उडून त्याचं हेमॅटाइट झालं. ते पाणी ओलावा नाही, ते खनिजाचा भाग आहे, ते उडालं की उरलेल्यात लोहाची टक्केवारी आपोआप चढते आणि एलओआय कमी दिसतो. खरेदीदाराची लॅब ओव्हनमध्ये वाळवते, तिला खरा आकडा मिळतो, आणि तुम्ही म्हणता ते आम्हाला फसवतायत. घमेल्यात रंग बदललेला दिसला की ते सॅम्पल टाकून द्या, ते परत येत नाही.

याच्या उलट पण होतं. वाळवलेलं बारीक पीठ उघडं ठेवलं तर दमट हवेतून पाणी ओढतं, चिकणमाती जास्त असेल तर पटकन ओढतं, मग तराजूवर तुम्ही पाण्याचंही वजन करता आणि एफई कमी येतो. डेसिकेटरमधली (सॅम्पल कोरडं ठेवायच्या बंद भांड्यातली) सिलिका जेल निळी आहे का गुलाबी ते बघा, मी पाहिलेल्या निम्म्या ठिकाणी ती कित्येक महिने गुलाबीच असते. ओव्हनमध्ये टाकली की परत निळी होते, खर्च शून्य.

ढीग आणि फावडं

आता मुख्य. टायट्रेशनला आपण ०.४ ग्रॅम पीठ घेतो. पाच हजार टनांचा ढीग असेल तर ते साडेबाराशे कोटी भागांतला एक भाग झाला. आता हिशोब बघा, ०.४ ग्रॅममध्ये ५६ टक्के लोह असेल तर ०.१ नॉर्मल डायक्रोमेट (ब्युरेट नावाच्या नळीतून थेंबाथेंबाने घालायचं, लोह मोजायचं द्रावण) सुमारे ४० मिली लागतं, एक थेंब जास्त पडला तर फरक पडतो ०.०७ टक्का. अडीच टक्क्यांची चूक करायची तर पस्तीस थेंब जास्त घालावे लागतील. पस्तीस थेंब कुणी चुकत नाही, पहिल्या दिवशी आलेला मुलगा पण नाही. म्हणून मी म्हणतो ब्युरेटकडे बोट दाखवायच्या आधी फावड्याकडे बघा.

ढीग ओतला की मोठे दगड घरंगळून पायथ्याला जातात आणि बारीक माल मधे राहतो. सॅम्पलवाला पायथ्याला उभा राहून हाताला येईल तिथलं भरतो, म्हणजे तुमचं सॅम्पल दगडांचं झालं. आपल्याकडे तर ढीग वर्षानुवर्षं पडून आहेत, २०१२ ला खाणी बंद झाल्या, २०१५ ला थोड्या सुरू, २०१८ ला परत बंद, तेवढे पावसाळे त्या ढिगांनी अंगावर घेतले. वरची कातडी धुऊन निघालेली असते, बारीक चिकणमाती वाहून गेलेली असते, वरून घेतलेलं सॅम्पल छान ५८ दाखवतं आणि हात-दोन हात आत गेलं की पिवळी माती लागते. अशा ढिगाचं सॅम्पल वरून घ्यायचंच नाही. लोडर ढीग उचलत असताना उघड्या पडलेल्या तोंडातून घ्या, ठरावीक बकेटनंतर एकदा, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे चालू बेल्ट थांबवून पट्ट्याच्या या काठापासून त्या काठापर्यंतचा अख्खा तुकडा, खालच्या धुळीसकट, ब्रशने झाडून. ट्रकच्या वरून मूठभर घेणं हे सॅम्पल नाही. आणि स्कूपचं तोंड सगळ्यात मोठ्या दगडाच्या निदान तिप्पट पाहिजे, नाहीतर मोठा दगड आपोआप बाहेर राहतो.

फोडल्याशिवाय वाटणी करू नका. पिअर गी नावाच्या फ्रेंच माणसाने सॅम्पलिंगचं गणित मांडलं, त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे, कणाचा आकार निम्मा केला की त्या चुकीचं माप, म्हणजे व्हेरिअन्स, आठ पट कमी होतं. म्हणून क्रम असा, फोडा, वाटा, अजून बारीक करा, परत वाटा. पन्नास मिमीच्या दगडांचे चार ढीग घालून एक उचलला तर तो नशिबाचा खेळ आहे. रिफलर (माल सारखा दोन भागांत वाटणारी खाचांची पेटी) वापरत असाल तर माल कोरडा पाहिजे, ओली चिकणमाती फटीत चिकटते आणि नेमकी अ‍ॅल्युमिनावाली वस्तूच मागे राहते.

आता एक प्रसंग सांगतो. एका लहान प्लांटवर मला बोलावलं, त्यांचा आकडा कायम वर, ५७.४, बाहेरची लॅब ५४.९. वाळवणं बरोबर, स्टँडर्ड बरोबर, सॅम्पल तर एकाच पिशवीतून वाटलेलं. मी काहीच सापडेना म्हणून शेडमध्ये एका स्टुलावर बसून राहिलो आणि नुसतं बघत राहिलो. मुलगा सॅम्पल दळायचा, १०० मेशच्या चाळणीतून चाळायचा, आणि चाळणीवर जे उरायचं ते खिडकीतून बाहेर झटकायचा. मी विचारलं तर म्हणाला, "सर, ते दळतच नाय, किती फिरवलं तरी." खिडकीखाली गेलो तर पांढऱ्या गारगोटीच्या कणांचा छोटा ढीग, कितीतरी महिन्यांचा. शंभर ग्रॅममधले चार-पाच ग्रॅम तो टाकत होता, आणि ते सगळे गारगोटीचे, लोह जवळजवळ नाहीच. राहिलेला माल साहजिकच श्रीमंत झाला. त्या मुलाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की चाळणीवर उरलेलं परत दळायचं, पूर्ण खाली जाईपर्यंत. मला त्याचा राग आला नाही, पण त्या महिन्यांत त्या आकड्यांवर किती माल चुकीच्या ढिगात गेला असेल याचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

म्हणून चाळणी उलटी करून बघा, कचऱ्याची बादली बघा, शेडमध्ये तासभर काही न बोलता बसा.

दळायच्या भांड्याचं पण बघा, लोखंडी असेल तर झिजून लोह मिसळतं, जास्त गारगोटीचा माल दळल्यावर जास्त. दोन सॅम्पलच्या मधे थोडी स्वच्छ वाळू नाहीतर पुढचंच सॅम्पल थोडं दळून फेकून द्या.

चूक कुठे शिरते ते पकडायची युक्ती

इतकं करून पण कळत नसेल तर आठ आकड्यांची चाचणी करा. ढिगातून स्वतंत्रपणे दोन सॅम्पल घ्या, प्रत्येकाचे दोन भाग करा, चारही भाग वेगळे दळा, प्रत्येकाचं दोनदा टायट्रेशन करा. टायट्रेशनच्या जोड्या जुळत नसतील तर चूक लॅबमध्ये. जोड्या जुळतात पण दोन भाग जुळत नाहीत तर चूक वाटणीत नाहीतर दळण्यात. भाग पण जुळतात आणि दोन सॅम्पलच वेगळी येतात तर चूक ढिगावर. एका दिवसाचं काम आहे.

टायट्रेशन, जर चूक खरंच लॅबमध्ये निघाली तर

पहिलं, अ‍ॅसिडमध्ये विरघळल्यावर तळाला उरतं त्याचा रंग बघा. पांढरं असेल तर सिलिका, ठीक. लालसर किंवा काळपट असेल तर लोह अजून आत अडकलंय, ते गाळून, वितळवून परत मिळवायला लागतं, नाहीतर आकडा कमीच येणार. अ‍ॅसिड खळाखळा उकळून आटवू नका, फेरिक क्लोराइड वाफेबरोबर जातं.

स्टॅनस क्लोराइड थेंबाथेंबाने, पिवळा रंग जाईपर्यंत, आणि वर फक्त एक-दोन थेंब. मग गार करून मर्क्युरिक क्लोराइड घातलं की रेशमासारखा पांढरा गढूळपणा यायला पाहिजे. काहीच आलं नाही तर स्टॅनस कमी पडलं. राखाडी-काळं आलं तर जास्त झालं, पारा सुटला, ते फ्लास्क बाजूला ठेवा आणि नव्याने वजन करा, "चालतंय" म्हणून पुढे नेऊ नका, तो पारा डायक्रोमेट खातो. डायक्रोमेट वाळवून, गार करूनच वजन करायचं. आणि प्रत्येक बॅचबरोबर एक प्रमाणित सॅम्पल चालवा, त्याचा आकडा बाटलीवरच्या आकड्याशी जुळत नसेल तर त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट थांबवा.

पाऱ्याचं पाणी सिंकमध्ये ओतू नका, हात जोडून सांगतो. खालचा ओढा शेतात जातो. वेगळ्या कॅनमध्ये जमा करा, किंवा टायटॅनियम क्लोराइडची बिनपाऱ्याची पद्धत लावून घ्या.

हातातल्या एक्सआरएफ बंदुकीबद्दल एवढंच, ती वरची पातळ कातडी बघते, ओल्या दगडावर आणि हलक्या मूलद्रव्यांवर, म्हणजे नेमकी आपल्या अ‍ॅल्युमिना-सिलिकावर, कच्ची पडते. ढीग वेगळे करायला उत्तम, सौदा करायला नाही.

आकडा बरोबर आहे, तरी प्लांट देत नाही

हे वेगळं दुखणं आहे. इथे नुसता एफई बघून भागत नाही, लोह कुठल्या आकाराच्या कणात बसलंय ते बघायला लागतं. सॅम्पल पाण्यात धुऊन चाळा आणि प्रत्येक भागाचं वेगळं अ‍ॅनॅलिसिस करा. उदाहरण, १० मिमीच्या वर ३० टक्के माल एफई ६०, त्याखाली १ मिमीपर्यंत ३५ टक्के ५८ चा, मग ०.१५ मिमीपर्यंत १५ टक्के ५५ चा, आणि त्याखालची गाळवणी २० टक्के ४६ ची. सगळं परत मिळवलं तर ५५.७५ होतं, हेड सॅम्पल, म्हणजे धुवायच्या आधीचं, ५६ होतं, म्हणजे हिशोब जुळतो. आता गाळवणी सगळी धुऊन टाकली तरी राहिलेल्या ८० टक्के मालाचा एफई येतो ५८.२. म्हणजे नुसतं धुऊन ६० मिळणार नाही, कितीही पाणी ओता, आणि जी ४६ ची गाळवणी तुम्ही तळ्यात सोडताय ती आयबीएमच्या (भारतीय खाण ब्युरोच्या) ४५ टक्क्यांच्या मर्यादेच्या वर आहे, म्हणजे कचरा नाही, खनिज आहे. हे मशीन घ्यायच्या आधी कळलं पाहिजे.

अ‍ॅल्युमिनासाठी एक झटपट अंदाज. केओलिनाइटमध्ये अ‍ॅल्युमिना सिलिकेच्या ०.८५ पट असतं. तुमच्या मालात अ‍ॅल्युमिना त्यापेक्षा जास्त असेल, जसं वरच्या उदाहरणात ५.४ सिलिकेला ६.१, तर जास्तीचं अ‍ॅल्युमिना एकतर गिबसाइट आहे नाहीतर गोएथाइटच्या कणात आतच शिरलेलं आहे. चिकणमाती धुऊन जाते, गिबसाइट थोडंफार वेगळं होतं, पण गोएथाइटच्या आतलं अ‍ॅल्युमिना धुऊन किंवा चुंबकाने निघत नाही.

इथे थांबा

कुठलं खनिज किती आणि कण एकमेकांत किती गुंतलेत हे शोधायला एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिज ओळखायचं मशीन) आणि मायक्रोस्कोप लागतो, ते घरच्या लॅबमध्ये अंदाजाने करू नका. नागपूरला आयबीएमची मिनरल प्रोसेसिंग लॅब आणि पायलट प्लांट आहे, भुवनेश्वरला आयएमएमटी, जमशेदपूरला एनएमएल या सरकारी संशोधन संस्था आहेत, हेच काम करतात. प्लांटमध्ये पैसे घालायच्या आधी तिथला रिपोर्ट घ्या. सिलिका उडवायला हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लागत असेल आणि तुमच्याकडे शिकलेला माणूस, चालू फ्युम हूड आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर त्या बाटलीला हात लावू नका, काम बाहेर द्या, ते हाडापर्यंत जातं. आणि खरेदीदाराशी वाद पैशापर्यंत गेला असेल तर स्वतःचा आकडा परत परत काढत बसू नका, दोघांनी मान्य केलेल्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या तिसऱ्या लॅबकडे द्या.

देताना सीलबंद तिसरा भाग द्या, म्हणून सुरुवातीलाच सॅम्पलचे तीन भाग करायची सवय ठेवा, एक तुमचा, एक त्यांचा, एक कुलपात. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, एक चिठ्ठी आतल्या पिशवीच्या बाहेर आणि एक वर, आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई आपल्या पावसात दोन दिवस पण टिकत नाही.